साधित रीड (हॅस्केल) : दोषशोध

हॅस्केल या फंक्शनल भाषेत प्रकाराच्या व्याख्येखाली ‘डिरायव्हिंग रीड’ लिहिले की मजकुरातून त्या प्रकाराचे मूल्य वाचणारा पार्सर कंपायलर स्वतःच रचतो. त्याचे नियम हॅस्केल ९८ च्या अहवालात आहेत. मूल्याचा मजकूर करणाऱ्या साधित, म्हणजे कंपायलरनेच रचलेल्या, ‘शो’ने लिहिलेले परत वाचणे एवढेच त्याचे काम, माणसाने हाताने लिहिलेले वाचण्यासाठी तो नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ हे विसरण्यात असते.

बोरी अरब, तालुका दारव्हा, अशी गावनिहाय पावसाची नोंद धरू. रकान्यांची नावे हवीतच, तीही व्याख्येतल्याच क्रमाने. एक गाळला वा दोन उलटसुलट झाले की ‘नो पार्स’. चूक कुठे, हे हा संदेश सांगत नाही. ‘रीडमेबी’ वापरल्यास प्रोग्राम कोसळत नाही, पण कारण तरीही कळत नाही. अशा वेळी ‘रीड्स’ कामी येते : ते वाचलेले मूल्य आणि उरलेला मजकूर दोन्ही देते. बाराशे हा आकडा स्वल्पविराम घालून लिहिला असेल, तर पूर्णांक म्हणून १ हाती येतो आणि स्वल्पविरामासकट २०० मागे उरतात. नोंद फोडून एकेक रकाना असा तपासावा. अपूर्णांकात दशांश चिन्हाआधीचे शून्य गाळलेले चालत नाही. ‘जस्ट’सारख्या रचनाकारापुढची ऋण संख्या कंसात हवी, रकान्यात मात्र कंस लागत नाही.

‘शो’ हाताने देखणा केला आणि ‘रीड’ साधितच ठेवला, ही नेहमीची चूक. दोघांची भाषा तिथेच तुटते. मधल्या चिन्हाने जोडणाऱ्या रचनाकारांचे डावे-उजवे साहचर्यही साधित वाचक पाळत नाही, म्हणून कंस लागतात.

देवनागरीबाबत दोन गोष्टी. ‘शो’ला ‘बोरी’ दिल्यास २३४८, २३७९, २३५२, २३६८ असे युनिकोड क्रमांक दिसतात. पाहणारा दचकतो, पण मजकूर बिघडलेला नसतो. ‘रीड’ तो जसाच्या तसा परत देतो. देवनागरी अंक मात्र ‘रीड’ संख्या म्हणून ओळखत नाही. सातबाऱ्यासारख्या कागदावरून उतरवलेले आकडे आधी इंग्रजी अंकांत बदलावे लागतात.

तरीही उलगडा झाला नाही, तर जीएचसी कंपायलरचा ‘डंप-डिराइव्ह’ पर्याय रचलेला कोडच दाखवतो. तो वाचायला किचकट, पण रकान्यांचा क्रम त्यात स्पष्ट दिसतो.