स्विंग : घटकांच्या डिफॉल्ट रूपाची चाचणी

जावा भाषेतील डेस्कटॉप प्रोग्रॅमना बटणे, मजकूरपेट्या, याद्या, तक्ते असे घटक पुरवणारा संच म्हणजे स्विंग. प्रोग्रॅमरने काहीही सांगितलेले नसताना घटकाला जे रंग, फाँट, कडा आणि समास मिळतात, ते त्याचे डिफॉल्ट रूप. हे रूप प्रत्येक अवस्थेत पूर्ण आहे का आणि प्रोग्रॅमरने स्वतः केलेली निवड ते अबाधित ठेवते का, या दोन्ही गोष्टी चाचणीत तपासल्या जातात. यांतली दुसरी अधिक महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच नुसत्या नजरेने पाहून कळत नाही.

पार्श्वभूमी : सन मायक्रोसिस्टिम्सने 1997 मध्ये जाहीर केलेल्या जावा फाउंडेशन क्लासेसचा स्विंग हा भाग. डिसेंबर 1998 मधील जावा 1.2 पासून तो जावाच्या मूळ संचात आला. घटकाचे वर्तन आणि त्याचे रेखाटन वेगळे ठेवल्यामुळे प्रोग्रॅम चालू असतानाही संपूर्ण रूप बदलता येते. मेटल हे सर्व प्रणालींवर सारखे दिसणारे रूप आहे. 2004 च्या जावा 5 मध्ये त्याला ओशन ही नवी थीम मिळाली. पुढे जावा 6 च्या दहाव्या अद्ययावत आवृत्तीबरोबर निंबस आले. विंडोज, मॅक आणि लिनक्सशी मिळतीजुळती रूपेही उपलब्ध आहेत.

मूल्यांची उतरंड : डिफॉल्ट मूल्ये यूआयमॅनेजर या वर्गाकडे असतात. ‘बटन.फाँट’ यासारख्या नावाने मूल्य मागितले की आधी प्रोग्रॅमरची नोंद, मग चालू रूपाची आणि शेवटी प्रणालीची नोंद पाहिली जाते. त्यामुळे प्रोग्रॅमरने तेथे ठेवलेले मूल्य रूप बदलले तरी टिकते.

मालकीची खूण : रूपाने घटकाला दिलेले रंग, फाँट आणि कडा यांच्यावर ‘यूआयरिसोर्स’ ही खूण असते. रूप बदलताना घटकावरचे मूल्य रिकामे किंवा खूण असलेले असेल, तरच त्या जागी नवे बसते. खूण नसलेले मूल्य प्रोग्रॅमरचे समजून जागेवर ठेवले जाते. अपारदर्शकतेसारख्या होय-नाही स्वरूपाच्या गुणांना ही खूण लावता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी जावा 5 मध्ये वेगळी सोय करण्यात आली.

चाचणीची रीत : मेटल रूपात एक बटण तयार करावे. त्याचा फाँट डायलॉग, ठळक, 12 पॉइंटचा असतो आणि त्यावर मालकीची खूण असते. त्याच बटणाची पार्श्वभूमी साध्या पिवळ्या रंगाची करावी. मग निंबस रूप लावून खिडकीतील सर्व घटक ताजे करावेत. फाँट निंबसचा झाला पाहिजे आणि पिवळा रंग तसाच राहिला पाहिजे. पार्श्वभूमी रिकामी करून पुन्हा ताजे केल्यास डिफॉल्ट रंग परत यायला हवा. एक फसवी जागा मात्र लक्षात ठेवावी : यूआयमॅनेजरकडून घेतलेला रंग प्रोग्रॅमरने हाताने लावला, तरी त्यावरची खूण कायम असते आणि पुढच्या बदलात तो रंग जातो. रूपे आलटूनपालटून लावताना घटकावरील लिसनरांची (घटना ऐकणाऱ्या वस्तूंची) संख्या वाढत नाही ना, हेही मोजावे; वाढत असल्यास जुने रूप नीट उतरवले गेलेले नाही. ही सारी कामे स्विंगच्या घटना हाताळणाऱ्या थ्रेडवरच, म्हणजे इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच, करावी लागतात.

चित्रांची तुलना : घटक स्मृतीतील प्रतिमेवर रंगवून आधारचित्राशी पिक्सेलगणिक ताडून पाहता येतो. साधी, दाबलेली, फोकस असलेली, निष्क्रिय आणि उजवीकडून डावीकडे मांडणीची, अशा अवस्थांची चित्रे स्वतंत्र ठेवावी लागतात. फाँट, कडांचे मृदुकरण आणि पडद्याचे प्रमाण यंत्रागणिक बदलते; म्हणून आधारचित्र त्याच प्रणालीचे असावे आणि तुलनेत थोडी सूट ठेवावी. प्रत्यक्ष पडद्यावरची तपासणी रोबो या वर्गाने करता येते. ओपनजेडीके या जावाच्या मुक्तस्रोत प्रकल्पामध्ये पडदा लागणाऱ्या चाचण्यांवर तशी खूण केलेली असते.

देवनागरी मजकूर : डायलॉग हे तार्किक नाव आहे, प्रत्यक्ष फाँट प्रणालीनुसार ठरतो. त्यामुळे केवळ रोमन अक्षरांनी केलेली उंचीची चाचणी मराठी प्रोग्रॅमला पुरत नाही. ‘मूर्ती’ या शब्दात खाली ऊकार आणि वर रफार असल्याने लेबल, बटण व तक्त्याची ओळ तिन्हींत तो कापला जातो का, हे चटकन कळते. तक्त्याच्या ओळीची उंची मजकुरावरून आपोआप वाढत नाही, म्हणून तेथे विशेष लक्ष द्यावे.

चाचण्यांची विभागणी : ओशनसारखी नवी थीम आली की आधारचित्रे नव्याने घ्यावी लागतात, मालकीचे नियम मात्र बदलत नाहीत. या दोहोंच्या चाचण्या वेगळ्या ठेवल्यास हेतुपूर्वक केलेला बदल आणि नकळत झालेला बिघाड यांतला फरक लगेच कळतो.