शनिवार तेली आणि शायलॉक

शनिवार पेठेत वाढलेल्या आम्हा मुलांना ज्यू माणूस प्रथम भेटला तो पुस्तकात. पौंडभर मांस मागणारा, बुटाच्या तळव्यावर सुरी परजणारा शायलॉक. शेक्सपिअरचे मूळ नाटक वाचले होते कोणी? चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी १८०७ मध्ये मुलांसाठी सांगितलेली गोष्टच आमच्यापर्यंत पोचली. खरे ज्यू मात्र चालत अर्ध्या तासावर, रास्ता पेठेतल्या आपल्या प्रार्थनामंदिरात जमत आणि घरी आमच्यासारखेच मराठी बोलत. हे आम्हाला फार उशिरा कळले.

हे बेने इस्राएल. जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात नौगावजवळ किनाऱ्याला लागले, असे त्यांची परंपरा सांगते. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर. प्रार्थनामंदिराला ते मशीद म्हणत, आणि आपल्या धर्मग्रंथातील कथांवर मराठीत कीर्तनेही करीत. सारे गोडीगुलाबीचेच होते असे नाही. गावाने त्यांना उतरंडीत तेल्याची पायरी दिली, आणि त्यांच्या आतही 'गोरे' व 'काळे' असा भेद होताच. पण केवळ ज्यू म्हणून त्यांना गावातून हाकलण्याची रीत इथे नव्हती.

इंग्लंडमध्ये ती होती. पहिल्या एडवर्डने १२९० मध्ये सर्व ज्यूंना देशाबाहेर काढले. त्यांना पुन्हा उघडपणे राहता आले ते १६५६ च्या सुमारास. नाटक लिहिले गेले १५९६-९७ च्या आसपास. म्हणजे शायलॉकची टर उडवणाऱ्या बहुतेक प्रेक्षकांनी आपला धर्म उघडपणे पाळणारा ज्यू पाहिलाच नव्हता! त्यांनी पाहिला होता मार्लोच्या नाटकातला, विहिरीत विष कालवणारा बाराबास. आणि राणीचा ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य लोपेझ याला तिच्यावर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून १५९४ मध्ये फाशी झाल्याचे त्यांना ठाऊक होते.

शेक्सपिअरचे मोठेपण असे की तिसऱ्या अंकात शायलॉक आपल्या छळणाऱ्यांनाच विचारतो, माझे शरीर तुमच्याहून वेगळे आहे काय? लॅम भावंडांच्या गोष्टीत हे भाषणच नाही. शेवटी त्याला घातलेली ख्रिस्ती होण्याची अट मात्र आहे. तरी मूळ नाटकालाही आम्ही निर्दोष म्हणणार नाही. नाझींच्या अमलाखालील व्हिएन्नात १९४३ मध्ये ते ज्यूद्वेष पेटवण्यासाठीच रंगवले गेले.

वर्गात मुले हमखास विचारतात, एवढा तिरस्कार वाट्याला येत होता तर त्याने सावकारी सोडली का नाही? या प्रश्नापाशी तास संपला तरी थांबावे. चर्चने ख्रिस्ती माणसाला व्याज घेण्यास मनाई केली होती, आणि कर्जाची गरज तर सर्वांनाच होती. व्हेनिसमध्ये १५१६ पासून ज्यूंना वेगळ्या वस्तीत राहावे लागे. रात्री तिचे दरवाजे बाहेरून बंद होत. जमीन घेण्याची त्यांना बंदी, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही. उरले काय? गहाणवट, जुने कपडे विकणे, वैद्यकी. घाणा टाकतो म्हटले असते, तर शायलॉकला तो टाकू दिला नसता.