कौलातले एक कलम आणि सुभेदाराला गेलेले एक पत्र

कर्नाटकच्या स्वारीत असताना शिवाजी महाराजांनी ऑगस्ट १६७७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीला एक कौल दिला. जिंजी मे महिन्यातच हाती आली होती. पुढे तिरुवाडीजवळ विजापूरचा सरदार शेरखान लोदी याचा मोड झाला आणि त्याच्या ताब्यातला देवनापट्टणचा किनारा मराठ्यांकडे आला. डचांची वखार तिथे आधीपासून होती. धनी बदलला की सवलती नव्याने मागून घ्यायच्या, हा वखारवाल्यांचा शिरस्ता. त्याप्रमाणे त्यांनी मागितल्या आणि त्या मिळाल्या. हा कौल आज कंपनीच्या दफ्तरातल्या डच भाषेतल्या नकलेतून वाचायला मिळतो.

त्यातले एक कलम गुलामांविषयी आहे. त्याचा आशय असा: आधीच्या मुसलमानी अमलात तुम्ही इथे बाया आणि पुरुष गुलाम म्हणून विकत घेत होता, बाहेर नेत होता आणि कोणी अडवत नव्हते. मी या मुलखाचा धनी आहे तोवर हे चालणार नाही. त्यांना जहाजावर चढवू लागलात तर माझी माणसे अडवतील आणि वखारीतही परत नेऊ देणार नाहीत.

हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. किनाऱ्यावर नुसते अडवले असते, तर माणसे पुन्हा वखारीत कोंडून पुढच्या संधीची वाट पाहता आली असती. ती पळवाट कलमातच बुजवली आहे. ज्याने हा मजकूर सांगितला त्याला हा व्यापार कसा चालतो याची नेमकी माहिती असली पाहिजे, असे अनुमान करायला हरकत नाही.

पण माणसे विकायला येत होती ती का? याचे उत्तर डचांच्याच हिशेबांतून निघते. १६२२-२३ मध्ये पुलिकत, देवनापट्टण या बंदरांतून सुमारे १,९०० गुलाम गेले. १६४६ मध्ये बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) २,११८ पोचले, त्यांतले बहुतेक याच किनाऱ्याच्या दक्षिण भागातले. १६५९ ते १६६१ या काळात विजापुरी फौजांनी तंजावर उजाड केल्यावर आठ ते दहा हजार माणसे सिलोन, बटाव्हिया, मलाक्काकडे रवाना झाली. १६७३ ते १६७७ मध्ये एकट्या मदुरा किनाऱ्यावरून १,८३९. मधल्या वर्षांत हा ओघ आटतो आणि पाऊस दगा देतो किंवा फौजा फिरतात तेव्हा पुन्हा फुगतो. अशा वेळी आईबाप पोटची पोरे विकत, कोणी स्वतःलाच विके. कंपनीने जहाज तयार ठेवले की पुरे होते.

म्हणून या कौलाशेजारी मी आणखी एक कागद ठेवतो. तो वर्षभर आधीचा, ५ सप्टेंबर १६७६ चा. महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेले हे पत्र. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, अशी आज्ञा. ज्याच्या अंगात कसायचे बळ आहे पण बैल नाही, पोटाला दाणा नाही, म्हणून जो अडून बसला आहे, त्याला रोख पैसे देऊन दोन-चार बैल घेववावे. खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. वसुली करताना वाढीदिढी घेऊ नये. मुद्दल तेवढे, तेही त्याला ताकद येईल तसतसे हळूहळू घ्यावे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत (लारी हे तेव्हाचे चांदीचे नाणे) खर्च पडला तरी चालेल.

हे पत्र कोकणासाठी आहे आणि त्यात गुलामगिरीचा शब्दही नाही. दोन्ही कागदांना जोडण्याचे काम मी करतो आहे, कागद करत नाहीत. तरी कलम खरेदीदाराचा हात धरते आणि पत्र विकायला निघणाऱ्याच्या घरात दाणा पोचवते, हे नजरेआड करता येत नाही. सावकाराच्या दिढीतून सुटलेला, दारात बैल असलेला कुणबी पोर विकत नाही.

गौरवाच्या भरात दुसरी बाजू झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १६७३ ते १६७७ मधल्या दक्षिणेच्या हालात अवर्षणाइतकाच तंजावरसाठी चाललेल्या मदुरा-मराठे झगड्याचा आणि कराच्या ओझ्याचा वाटा होता. कौलाने परदेशी व्यापाऱ्याला रोखले. घरातली गुलामगिरी मोडली नाही. पेशवे दफ्तरात कुणबिणी आणि बटकी, म्हणजे घरकामाच्या गुलाम बायका, पुढे शतकभर भेटत राहतात. इंग्रज अमलात १८४३ चा पाचवा कायदा आला, तेव्हा कुठे गुलामीचा कायदेशीर आधार गेला.

कलमातली अट ‘मी धनी आहे तोवर’ अशी होती. महाराज १६८० मध्ये गेले. १६८८ च्या आसपास पीक बुडाले, मोगल कर्नाटकात उतरले आणि तंजावर मुलखातली हजारो माणसे विकली गेली, बहुतेक मुली आणि लहान मुलगे. नागपट्टणहून आशियाई व्यापाऱ्यांनी त्यांना आचे आणि जोहोरच्या बाजारांत नेले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजी भोसले होते.