यष्टींमागचे नाना

विकेटकीपर आणि घरातली आजी यांची आठवण काही सांडलं तरच होते. झेललेलं सारं हक्काचं. सुटलेलं मात्र जन्मभर पुरतं.

महाराष्ट्राचे नाना जोशी (पाळण्यातलं नाव पद्मनाभ, १९८७ साली पुण्यालाच गेले) हे बिनआभाराचं काम भारतासाठी १९५१ पासून करत होते. म्हणजे, बोलावलं की करत होते! पहिल्याच मालिकेत, इंग्लंडविरुद्ध, जोशी, माधव मंत्री आणि प्रबीर सेन असे तीन कीपर झाले. सेन यांनी मद्रासच्या कसोटीत पाच जणांना यष्टिचीत केलं. पुढं मुंबईचे नरेन ताम्हाणे आले. नाना आपले ग्लोव्हज घेऊन कधी आत, कधी बाहेर. नऊ वर्षांत कसोट्या झाल्या फक्त १२.

डिसेंबर १९६० मध्ये पाकिस्तानविरुद्ध मुंबईला मात्र चमत्कार झाला. रमाकांत देसाई ८५, नाना नाबाद ५२. नवव्या विकेटला १४९ धावा! नानांच्या साऱ्या कारकिर्दीच्या धावा २०७. त्यातला पाव हिस्सा या एका डावात.

मालिकेतल्या चार कसोट्या अजून उरल्या होत्या. नाना एकीतही दिसले नाहीत. पाकिस्तानी गोलंदाजांना ते शेवटपर्यंत बाद झाले नाहीत; बाद झाले ते यादीतून.