नेव्हेया: उलटा लिहिलेला स्वर्ग

स्वर्गाला इंग्रजीत 'हेवन' म्हणतात. रोमन लिपीतला हा शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटा लिहा: एन, ई, व्ही, ए, ई, एच. झालं नाव तयार, नेव्हेया! ना बायबलमधलं, ना पणजीचं. १९९९ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या अवघ्या आठ मुलींना ते मिळालं होतं. २००० मध्ये 'पी.ओ.डी.' या ख्रिस्ती रॉक बँडचा गायक सनी सँडोव्हल एमटीव्हीवर तान्ह्या लेकीसह दिसला, आणि तिच्या नावाची फोड त्याने सांगितली. पुढच्याच वर्षी हे नाव पहिल्या हजारात आलं, २०१० मध्ये तर पंचविसाव्या क्रमांकावर! काहींनी नाकं मुरडली. मला मात्र ते मनापासून आवडतं. बहुतेक नावं कशी पसरली याचा पत्ता लागत नाही. हे कसं पसरलं ते वर्षासकट सांगता येतं.