दाढीचा कलप

दाढीला रंग लावणे ही शहरी नखऱ्याची आणि अलीकडची गोष्ट आहे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. शिकंदर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याच्याबरोबर निआर्कस नावाचा एक सरदार होता. इ. स. पूर्व ३२५ मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणी आखातापर्यंत शिकंदराचे आरमार नेले ते यानेच. त्याच्या हकिकतीच्या आधारे एरियन या ग्रंथकाराने पुढे लिहून ठेवले आहे, की हिंदी लोक दाढ्या रंगवतात. कोणाची पांढरीशुभ्र, कोणाची निळीकाळी, कोणाची तांबडी, कोणाची जांभळी, आणि कोणाची तर चक्क हिरवी! हिरव्या दाढीला तुम्ही हसाल. मला मात्र तिचे तितकेसे नवल वाटत नाही; का ते पुढे सांगतो.

त्याच मोहिमेतल्या ओनेसिक्रिटसचा हवाला देऊन स्ट्रॅबोने पंजाबातल्या कठ लोकांविषयीही असेच लिहिले आहे. हे लोक दाढ्या रंगवीत, आणि आपल्यातला सर्वांत देखणा पुरुष निवडून त्याला राजा करीत. आता जिथे देखणेपणावर राज्य मिळते, तिथे पिकली दाढी कोण तशीच ठेवील?

पण याच देशात अगदी उलट सांगणारी कथाही आहे. जातककथांमध्ये मखादेव नावाचा राजा येतो. त्याने न्हाव्याला सांगून ठेवले होते, 'डोक्यात पांढरा केस दिसला की मला सांग.' एके दिवशी न्हाव्याने तसा केस उपटून राजाच्या हातावर ठेवला. राजाने न्हाव्याला एक गाव इनाम दिले, मुलाला गादीवर बसवले, आणि आपण वनात निघून गेला. एका पांढऱ्या केसावर राज्य सोडणारा राजा!

आणि सहाव्या शतकातला आपला ज्योतिषी वराहमिहिर काय म्हणतो? बृहत्संहितेत गंधयुक्तीचे एक प्रकरण आहे. तिथे त्याचे म्हणणे असे, की केस पांढरे असले तर माळा, अत्तर, वस्त्रे, दागिने काहीच शोभत नाही. तेव्हा आधी केस रंगवा. मग तो कृती देतो. लोखंडाच्या भांड्यात आंबट कांजी घ्यायची, तीत लोखंडाचा कीस आणि कोद्रूचे तांदूळ शिजवायचे, ते बारीक वाटून आंबवणीने भिजवलेल्या केसांवर थापायचे आणि वरून ओली पाने बांधायची. दोन प्रहरांनी तो लेप काढून आवळ्याचा लेप द्यायचा आणि पुन्हा दोन प्रहर पाने बांधून बसायचे. मग धुतले की केस काळे. लोखंडाचा वास घालवायला सुगंधी तेल आणि धूप, आणि त्यानंतर राजाने खुशाल अंतःपुरात जावे! कृती डोक्याच्या केसांची आहे हे खरे, पण केस डोक्यावरचा काय आणि हनुवटीवरचा काय, द्रव्य एकच.

चार प्रहर म्हणजे बारा तास. एवढ्या वेळात तिथे होते काय? लोखंडी कढईत आवळा शिजवला तर तो काळा पडतो, हे आपल्या घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. आवळ्यात, हिरड्यात, बाभळीच्या सालीत एक तुरट द्रव्य असते. आंबटात विरघळलेले लोखंड त्याला भेटले, की काळा रंग तयार होतो. जुनी शाई अशीच होत असे. शिक्षक बंधूंनी वर्गात करून पाहावे: आंबट ताकात दोन-चार खिळे रात्रभर ठेवा, आणि सकाळी ते ताक गाळून हिरड्याच्या काढ्यात घाला. मुलांना रसायनशास्त्रही कळेल आणि वराहमिहिरही.

दुसरा रस्ता मेंदीचा. मेंदीतला रंग केसाच्या द्रव्याला घट्ट धरून बसतो. पांढरा केस तांबूस होतो. इस्लामी परंपरेत मेंदीची तांबडी दाढी मानाची मानली गेली. निव्वळ काळा रंग मात्र पुष्कळ धर्मशास्त्रज्ञांनी नापसंत केला, कारण त्यात वयाची फसवणूक होते. त्यातही लढाईवरच्या माणसाला सूट होती. शत्रूला म्हातारा शिपाई दिसू नये!

इराणात काळी दाढी हवी असली, की हमामखान्यात आधी तासभर मेंदी आणि मग निळीच्या पाल्याचा लेप लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिकडे गेलेला इंग्रज वकील जेम्स मोरियर याने हा सगळा सोहळा वर्णिला आहे. लेप धुतल्यावर दाढी आधी गडद हिरवट दिसते आणि दुसऱ्या दिवशी काळीभोर होते. निळीच्या पाल्यात तयार निळा रंग नसतोच. त्यातले द्रव्य हवा लागली म्हणजे हळूहळू निळे होते. निआर्कसने पाहिलेल्या हिरव्या दाढ्यांपैकी एखादी अशीच अर्ध्या वाटेवरची असेल काय? हा माझा आपला तर्क.

हे सारे उपाय वेळखाऊ होते. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग निघू लागले आणि चित्र पालटले. १८९७ पासून जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात आली व शेतातली नीळ बसली. त्याच विद्येतून केसांचा नवा कलप निघाला. १९०७ मध्ये पॅरिसच्या यूजीन श्यूलेर या रसायनज्ञाने तो विकायला काढला. बारा तासांचे काम अर्ध्या तासावर आले.

या झटपट काळ्या रंगाच्या मुळाशी बहुधा पॅराफेनिलीनडायमाइन नावाचे द्रव्य असते. नाव लांबलचक आहे, पण ते लक्षात ठेवा. पुडीवर ते 'पीपीडी' असेही छापतात. पुष्कळांना ते सोसते. काहींना मात्र सोसत नाही, आणि गंमत अशी, की वर्षानुवर्षे लावूनही काही न झालेल्या माणसाला ते एकाएकी बाधू लागते. खाज, पुटकुळ्या, पाणी गळणे, पापण्या सुजून डोळे मिटणे. कधी कातडीवर पांढरे डागही पडतात. एकदा बाधले की बहुधा जन्मभर बाधते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांत हेच घातलेले असते. खरी मेंदी काळी नसते हो! आणि हे द्रव्य पोटात गेले तर घसा सुजतो, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

डोक्यापेक्षा गालाची कातडी नाजूक, आणि शेजारीच डोळे नि ओठ. म्हणून दाढीला कलप लावायचा तर दोन दिवस आधी तयार केलेला थेंबभर कलप कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा. तिथे खाज वा लाली आली, तर ती पुडी टाकून द्यावी. ज्या दिवशी वस्तरा फिरवला त्या दिवशी लावू नये. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नये. धुतल्यावर खोबरेल चोळावे, कारण कलपाने आणि त्याहून अधिक रंग उडवणाऱ्या औषधाने केस कोरडे, ठिसूळ होतात. भुवयांना आणि पापण्यांना तर मुळीच लावू नये.

आणि इतके करून काळेपण टिकते किती? रंग चढतो तो बाहेर आलेल्या केसाला, मुळाला नव्हे. दाढी दिवसाला सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते. म्हणजे आठवड्याच्या बाजाराला पांढरी कड दिसू लागते, आणि माणूस पुन्हा पुडी घेतो. जितक्या वेळा पुडी, तितक्या वेळा कातडीशी गाठ.

या सगळ्या सूचना पुडीतल्या घडीच्या कागदावर असतात. अक्षर मुंगीएवढे, भाषा बहुधा इंग्रजी. खेड्यातल्या न्हाव्याला तो कागद कोणी वाचून दाखवायचा? शाळा सुटल्यावर गुरुजी दाढीला बसतातच. तेव्हा तो मागून घ्यावा आणि मोठ्याने वाचावा.