शिकविणाऱ्यांना शिकविले कोणी?

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. पण शाळेत गाणे, नाच, चित्रकला शिकविणाऱ्या नव्या शिक्षकांना मुळात शिकवितो कोण, हा प्रश्न लहानपणच्या एका प्रसंगामुळे माझ्या मनात घर करून आहे. त्याचा थोडा इतिहास मी वाचला, तोच येथे सांगते.

आधी तो प्रसंग. मी शाळेत होते तेव्हा आपला तळोदे तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. आमच्या वर्गावर एक नव्या बाई आल्या होत्या. स्नेहसंमेलनाचा नाच बसविण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडले. त्यांना नाच येत नव्हता आणि विचारायला वडीलधारे कोणी नव्हते. सिनेमातले एक गाणे लावून त्या आम्हाला हात वर, हात खाली करायला लावीत. आमच्यात पाड्यावरची एक मुलगी होती. तिचे पाय मात्र आपोआप होळीच्या ढोलाच्या ठेक्यावर पडत. बाईंनी तिला "असे नाही" म्हणून खाली बसविले. आम्ही सगळ्या हसलो; मीही हसले. पुढे ती मुलगी संमेलनाला आलीच नाही.

आज वाटते, बाईंचा तरी काय दोष? पोहता न येणाऱ्याला तापीत ढकलावे तसेच ते झाले होते.

आता इतिहास पाहू. नवा कलाशिक्षक नीट घडवावा लागतो, हे महाराष्ट्रातील एका गवयाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. कुरुंदवाडचे पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी केवळ गवई तयार केले नाहीत. संगीत शिकविणारे तयार व्हावेत म्हणून उपदेशक वर्ग चालविला. विद्यार्थी तेथेच राहत, गुरूंजवळ शिकत आणि शिकता शिकता धाकट्यांना शिकवीत. १९०८ साली मुंबईला शाखा निघाली. पुढे कर्जापायी तेथील इमारत हातची गेली, पण घडविलेली माणसे गेली नाहीत. विनायकराव पटवर्धन पुण्याला, ओंकारनाथ ठाकूर काशीला, नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात असे ते शिष्य गावोगाव पोहोचले. विटांची शाळा मोडली, माणसांची टिकली!

नाचाचे काम याहून अवघड. पांढरपेशा घरातील मुलीने पायात घुंगरू बांधणे लोकांना रुचत नसे. तशा काळात १९४७ साली पुण्यात रोहिणीताई भाटे यांनी नृत्यभारती ही संस्था काढली आणि कथक शिकविले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी मुली पुढे स्वतः शिक्षिका झाल्या.

पण लाहोर आणि पुणे आपल्यापासून दूर. आपल्या तालुक्याला लागू पडेल असे उदाहरण कोसबाडचे. कोसबाड हे डहाणू तालुक्यातील एका टेकडीवरचे गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. वस्ती वारली समाजाची, म्हणजे आपल्यासारखाच आदिवासी मुलूख.

तेथे काम उभे केले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहर सोडून त्या बोर्डीला आल्या. अनुताईंची कथा तर आपणा सर्वांना विचार करायला लावणारी आहे. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर त्यांनी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या काळची सातवी, पुरी केली आणि त्या शिक्षिका झाल्या. नोकरी करून रात्रशाळेत शिकून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ साली, त्यांनी बी.ए. केले. भगिनींनो, सातवी हे माझ्यासाठी शेवटचे स्टेशन ठरले. त्यांच्यासाठी ते पहिले होते.

मला विशेष वाटते ते असे. ताराबाईंकडे आल्या तेव्हा अनुताईंच्या पदरी सोळा वर्षांची नोकरी होती. तरीही वयाच्या पस्तिशीत त्या पुन्हा शिकाऊ झाल्या. ताराबाईंच्या शेजारी उभे राहून त्या काम शिकल्या आणि पुढे शेकडो बालसेविकांना त्यांनी तसेच शिकविले. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बालवाडीही तेथेच आणि बालसेविकांचे शिक्षणही तेथेच. म्हणजे पुस्तक वाचून लगेच मुलांत जावे आणि चुकले तर जाणतीने सांगावे. साधने विकतची नव्हेत, तर शंख-शिंपले, चिंचोके, पाने, खडे. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. गाणी आणि नाच हे संमेलनापुरते नव्हते, रोजचे होते. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. दोघीही आज नाहीत.

आता आजची स्थिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. पण ते सहावी ते आठवीसाठी आणि तेही शंभरावर मुले असतील तर. पाड्यावरच्या लहान शाळेच्या वाट्याला ते येणार कोठून? जी बाई गणित शिकविते तीच नाचही बसविते.

माझ्या नणंदेची मुलगी अशाच एका शाळेवर लागली. पहिल्याच २६ जानेवारीच्या तयारीत तिचा रडवेला फोन आला, "मामी, मी मोबाईलवर गाणे लावते आणि मुले खांबासारखी उभी राहतात. मला हे जमणार नाही." मला माझ्या लहानपणच्या बाई आठवल्या आणि खाली बसविलेली ती मुलगीही आठवली.

आमच्या शेतात निंदणीला येणाऱ्या एक वयस्क मावशी आहेत. मी त्यांना विनविले आणि आम्ही दोघी त्या शाळेत गेलो. मी म्हटले, "मावशी, होळीचा तो नाच शिकवा ना!" त्या लगेच म्हणाल्या, "तो नाच होळीचाच. वाटेल तेव्हा नाचायचा नव्हे." मी खजील झाले. काठीची राजवाडी होळी, मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्ये हे सारे आपण दरवर्षी कौतुकाने पाहतो. पण त्यामागे व्रत असते, नेम असतो, हे आपण विचारीत नाही. मग मावशींनी लग्नातला नाच दाखविला. हातात हात गुंफून, ओळीने, पुढे दोन पावले आणि मागे एक. खांबासारखी मुले हलू लागली. भाची मुलांच्या ओळीत शेवटी उभी राहून पावले मोजीत होती. त्या दिवशी शिक्षिका तीच होती आणि शिष्यही तीच. ती अजून त्याच शाळेवर आहे.

काय शिकवावे एवढेच नव्हे, तर काय शिकवू नये हेही जाणते माणूसच सांगते. स्थानिक कलेतील जाणकारांना शाळेत शिकविण्यास बोलवावे असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लिहिले आहे. मात्र धोरण कागदावर असते आणि मावशींची त्या दिवसाची मजुरी खरोखर बुडते. ती कोणी द्यावी?

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या शाळांवर नव्याने आलेल्या शिक्षिकांना आपण एकदा चहाला बोलवावे आणि अशा जाणत्या बायांशी त्यांची गाठ घालून द्यावी. बायांची बुडालेली मजुरी आणि एस.टी.चे भाडे मंडळाने द्यावे. हळदीकुंकवाच्या वाणातील एक वस्तू कमी केली तरी हा खर्च निघेल. मोठेपणा म्हणून नव्हे, तर शिकविणाऱ्याची दक्षिणा म्हणून तो द्यावा.

संमेलनाला न आलेली ती माझी वर्गमैत्रीण लग्न होऊन धडगावकडे गेली असे ऐकले. कधी भेटली तर त्या दिवशी हसल्याबद्दल मी तिची क्षमा मागेन. तोवर दुसरी कोणी मुलगी तशी खाली बसविली जाऊ नये, एवढे आपण पाहू या.